अभिव्यक्ती कोणाची?

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न: ‘कॉर्टिसॉलमुळे अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींत अ‍ॅड्रिनलिनची अभिव्यक्ती वाढते’ हे मराठी चालेल का? (अधिवृक्क म्हणजे मूत्रपिंडावरची ग्रंथी; कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन ही तिची संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन.) ‘अभिव्यक्ती’वर वर्गातल्या मुली हसतात.

अभिव्यक्तीत हसण्यासारखं काही नाही. पेपरातलं ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ डोक्यात बसलंय, म्हणून कानाला खटकतं. कन्नडातही तोच शब्द आणि तीच अडचण. व्यक्त म्हणजे उघड झालेलं. जनुकात दडलेलं पेशीत उघड होतं, तेव्हा शब्द चपखल आहे. चूक आहे ती ‘अ‍ॅड्रिनलिनची’ या शब्दात.

अ‍ॅड्रिनलिन हे प्रथिनच नव्हे, त्याला स्वतःचं जनुक नाही. टायरोसिन या अमिनो आम्लापासून ते टप्प्याटप्प्यानं बनतं. नॉरअ‍ॅड्रिनलिनचं अ‍ॅड्रिनलिन करायचा शेवटचा टप्पा पीएनएमटी नावाचं विकर (एन्झाइम) उरकतं, आणि जनुक आहे ते या विकराचं. ग्रंथीच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, तयार झालेलं कॉर्टिसॉल रक्तातून आतल्या भागात, म्हणजे मध्यकात येतं आणि तिथल्या क्रोमॅफिन पेशींत शिरतं. कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड, मेदात विरघळत असल्यानं पेशीपटल त्याला अडवत नाही. आत पेशीद्रवातल्या ग्राहीला (रिसेप्टरला) ते चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाऊन डीएनएवर ठरावीक जागी बसते, आणि पीएनएमटीच्या जनुकाच्या आरएनए नकला जास्त निघू लागतात. बेळगावच्या बोलीत सांगायचं तर कॉर्टिसॉल विकर वाढवूलालंय. अ‍ॅड्रिनलिन वाढतं ते त्याच्या मागून.

म्हणून अभिव्यक्ती जनुकाची, निर्मिती किंवा प्रमाण विकराचं, स्राव संप्रेरकाचा. ‘प्रथिनाची अभिव्यक्ती’ रूढ झालंय, पण सैल आहे. प्रथिनं तपासायच्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीतली पट्टी गडद झाली की प्रथिनाचं प्रमाण वाढलं एवढंच कळतं. नवं जास्त बनलं की जुनं मोडायचं मंदावलं, हे पट्टी सांगत नाही. पीएनएमटीच्या बाबतीत तर ही शंका रास्तच, कारण कॉर्टिसॉलसारख्या ग्लुकोकॉर्टिकॉइडांमुळे त्याचं विघटनही कमी होतं. अभिव्यक्ती लिहायची तर निदान आरएनए तरी मोजलेला हवा.

जाता जाता ‘अधिवृक्क’बद्दल. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, अधि म्हणजे वर. मूत्रपिंड शब्द मराठी-कन्नड दोन्हीकडे चालतो, त्यामुळे पहिल्यांदा ‘मूत्रपिंडावरची ग्रंथी’ म्हणून पुढे अधिवृक्क वापरलं तर कोणी अडत नाही.

वाक्य असं करा: ‘कॉर्टिसॉलमुळे अधिवृक्क मध्यकाच्या पेशींत पीएनएमटी जनुकाची अभिव्यक्ती वाढते आणि अ‍ॅड्रिनलिन जास्त तयार होतं.’