नेपाळ, बिहार आणि बांगलादेशात एकाच सुमारास महापूर का येतात?

मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा एरवी राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी टेकला, की महाराष्ट्रात पाऊस उघडीप देतो आणि त्याच दिवसांत नेपाळची तराई, उत्तर बिहार व आसाम यांना तो झोडपून काढतो. ऑगस्ट २०१७ च्या मध्यास हेच घडले. त्या पावसाळ्यात तिन्ही देशांत मिळून १,२०० हून अधिक माणसे दगावली.

मात्र सारा दोष पावसाच्या माथी मारणे मला पटत नाही. नेपाळमधून उत्तर बिहारात उतरणारी कोसी नदी डोंगरातून प्रचंड गाळ आणते, दोन्ही काठांवरच्या बांधांमुळे तो पात्रातच साचतो आणि पात्र भोवतालच्या शिवारापेक्षा उंच होत जाते. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे बांध फुटला, तेव्हा नदीतील प्रवाह त्या बांधाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी कमी होता. दोन बांधांच्या मधल्या गावांची (अशी गावे शेकड्यांनी आहेत) तर दरवर्षीची गत ठरलेली: पाणी चढले की गुरेढोरे घेऊन बांधावर जायचे, प्लास्टिकच्या कागदाखाली राहायचे आणि चुडा (म्हणजे पोहे) आणि गुळावर दिवस काढायचे.

बांगलादेशात गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना एकत्र येतात. त्यांचे ९० टक्क्यांहून अधिक पाणलोट क्षेत्र देशाबाहेर असल्याने तेथे स्थानिक पावसाइतकीच वरच्या देशांतील पाणीपातळीची माहिती वेळेवर मिळणे निर्णायक ठरते.