आईच्या गालातल्या चट्ट्याचा तुकडा तपासला तर कॅन्सर पसरतो का?

तुम्ही लिहिलंय की आई पन्नाशीची आहे, विड्या वळते, लग्नाआधीपासून मिश्री लावते. गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितलाय आणि मामा म्हणतात, सुई लागली की कॅन्सर पसरतो. शिवाय विचारलंय की हा आजार आधीच रोखता येतो का आणि नवीन उपचार कोणते आलेत.

आधी मामांचं. नाही पसरत. या आठवड्यातच तुकडा तपासून घ्या.

मी सोलापुरातच एका रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात परिचारिका आहे, १९ वर्षं झाली. ही समजूत कुठून येते ते रोज बघते. माणूस चार-सहा महिने जेल लावून आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन काढतो. मानेत गाठ उतरली की मग तुकडा द्यायला येतो. रिपोर्ट आला की घरचे हबकतात, आणखी महिना झाडपाल्यात जातो. तोवर आजार वाढतो आणि नाव सुईचं होतं. शरीरात मोजक्या जागा अशा आहेत जिथे सर्जन आधी सुई घालत नाहीत. अंडकोषात गाठ असेल तर तुकडा न काढता सरळ शस्त्रक्रियाच करतात. तोंडाचं तसं नाही. इथे तुकड्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर शस्त्रक्रिया, किमो किंवा लाइट (रेडिएशन) सुरूच करणार नाही.

तुकडा म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याएवढा, फार तर मुगाएवढा. दात काढताना देतात तसं बधिर करायचं इंजेक्शन, पाच-दहा मिनिटांचं काम, एखादा टाका. आणि चट्टा म्हणजे कॅन्सरच, असंही धरून चालू नका. बहुतेक पांढरे चट्टे कॅन्सर नसतात. काहींमध्ये पेशी बिघडायला लागलेल्या असतात, रिपोर्टमध्ये त्याला डिस्प्लेसिया लिहितात, आणि तिथेच पकडलं तर कॅन्सर व्हायच्या आधी चट्टा काढून टाकता येतो. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. पांढऱ्यात लाल ठिपके असतील तर आजच डॉक्टरांना सांगा.

हे एवढ्या कळकळीने लिहितेय कारण माझी आईही विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीत आम्ही पाच जणं. तिच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पानं, बोटांवर दोऱ्याचे वळ. हजार विड्यांवर मजुरी. दुपारी तवा तापवून तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, धुराने आम्हा पोरांना ठसका लागायचा. ती भुकटी पत्र्याच्या डबीत. दिवसातून चारदा तर्जनी डबीत जायची, बोटाचं पेर कायमचं काळं. गाल चुरचुरतो म्हणाली तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांनी दात गालाला घासतोय म्हणून मलम दिलं. पाच महिने मलमच चाललं. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि एकदाही तिला दिव्याखाली बसवून ‘आ कर’ म्हटलं नाही. ते अजून टोचतं. शस्त्रक्रिया झाली, लाइट झाले, पुढे आठ वर्षं जगली. पण तोंड शेवटपर्यंत पुरतं उघडलं नाही. भाकरी आमटीत कुस्करून, चमच्याने.

म्हणून आज रात्रीच एक करा. मोबाइलची टॉर्च लावा आणि घरातल्या प्रत्येकाचं तोंड बघा. दोन्ही गाल आतून, जिभेच्या कडा, जीभ वर उचलून खालची जागा, ओठ उलटून. कवळी असेल तर काढून. तीन बोटं उभी तोंडात जातात का? तंबाखू-सुपारीचा मावा खाणाऱ्या पोरांची बऱ्याचदा दोनही जात नाहीत, आणि ते हसण्यावारी नेतात. मानेवर दोन्ही बाजूंनी हात फिरवा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, चट्टा किंवा गाठ कुणालाही असेल, किंवा तोंड पुरतं उघडत नसेल, तर दाखवायचंच.

रोखता येतो का? तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे बहुतांशी तंबाखू-सुपारीचा आहे, त्यामुळे बराचसा रोखता येतो. नुसती सुपारीही कॅन्सर करते, ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ याला अर्थ नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण मावा टपरीवर हाताने मळून मिळतोच. मिश्रीचं दुखणं वेगळं. बायका तिला व्यसन मानतच नाहीत, दात घासायची वस्तू मानतात. भाजल्याने तंबाखू निवत नाही, उलट त्या धुरा-काजळीतली आणखी घातक द्रव्यं तिच्यात उतरतात. आई म्हणेल, ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही.’ ते खोटं नाही, निकोटिनने आतडं हलतं. सोडल्यावर थोडे दिवस त्रास होतो. त्या दिवसांत सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, लागलंच तर डॉक्टरांकडून साधं औषध. दात घासायला ब्रश आणि पेस्ट आणून हातात द्या, डबी घरातून बाहेर काढा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवा आहे. रागावून मात्र कुणाची सुटत नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्या भागातल्या बायकांना माहीत असायला हवी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा जगभर वाचला जाणारा एक अभ्यास आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाबरोबर केला. १९९९ मध्ये शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तो सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाची हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, तीही आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी त्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या तपासणी नसलेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवलं यावर पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. निदान त्या बायकांनी जे शिकवलं ते तरी आपण वापरावं. आईची ही तपासणी अजून झाली नसेल तर तोंडाबरोबर तीही करून घ्या. घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सीरमची देशी लस २०२३ पासून आहे.

नवीन उपचारांचं थोडक्यात सांगते, कारण व्हॉट्सअॅपवर त्याचं फार मोठं करून फिरतं. कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटाने बनवलेल्या देशी उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तो रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या काही कॅन्सरसाठी आहे, तोंडाच्या नाही. इम्युनोथेरपी तोंडाच्या कॅन्सरमध्ये देतात, पण मुख्यतः परत उलटलेल्या किंवा फार पसरलेल्या आजारात, आणि ती महाग. टाटाच्याच डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचं नेहमीच्या डोसच्या साधारण ६ टक्केच औषध गोळ्यांच्या किमोबरोबर देऊन बघितलं, तर वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. माझ्या लेखी गरिबाच्या कामाचं संशोधन ते हे.

पण सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरवर आजही पहिला उपचार शस्त्रक्रियाच. इथे नातेवाईक हमखास अडतात: ‘आजार गालात, मग मान कशाला कापता?’ २०१५ मध्ये टाटाने याचंही उत्तर दिलं. गालाबरोबर मानेतल्या ग्रंथी आधीच काढल्या, तर तीन वर्षांनी १०० तले ८० जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७-६८. तशी वेळ आलीच तर मानेला नाही म्हणू नका. पैशांसाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) आधी भेटा, खर्च केल्यावर नाही.

तुकडा द्यायला जाताना आईला उपाशी नेऊ नका, नाष्टा करून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि बाटलीवर नाव, वय, कुठल्या बाजूचा गाल, हे स्वतः वाचून घ्या. आपल्याकडे एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन बायका येतात, मी बघितलंय. रिपोर्ट आठवड्याभरात येईल. त्यातला शब्द कळला नाही तर इथे लिहा, मी बघते.