विमानातून रायफल नेताना

प्रश्न : नेमबाजी स्पर्धेसाठी परवान्याची .22 रायफल विमानाने न्यायची आहे. पेटी आणि काडतुसांचं काय करावं?

उत्तर : तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीला विचारा. काही कंपन्या शस्त्र घेतच नाहीत, काही आगाऊ लेखी परवानगी मागतात. वाटेत विमान बदलणार असाल तर पुढच्या कंपनीचा आणि मधल्या देशाचाही होकार हवा. हे राहून गेलं, तर बाकीची सगळी तयारी फुकट जाते.

रायफल रिकामी करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, उजेड पाडून पाहा. मॅगझिनही (काडतुसं भरायचा कप्पा) तपासा. पेटी टणकच हवी. कुलूप लावल्यावर झाकणाचा प्रत्येक कोपरा ओढून बघा. लांब पेटीला मधोमध एकच कुलूप असेल, तर टोकाला फट पडते, बोटं आत जातात आणि काउंटरवर पेटी नाकारली जाते. दोन्ही टोकांना कुलपं लावा.

काडतुसांची आंतरराष्ट्रीय मर्यादा माणशी 5 किलो, तीही वेष्टनासकट. दोघांचा कोटा एकाच खोक्यात भरता येत नाही. काडतुसं मूळ खोक्यातच ठेवा. बंदुकीची सुटी दारू आणि स्फोटक किंवा आग लावणाऱ्या गोळ्या अजिबात चालत नाहीत.

चेक-इनला गेल्या गेल्या शस्त्र असल्याचं सांगा आणि तपासणी होईपर्यंत तिथेच थांबा. किल्ली तुमच्याकडे राहू द्या.

नेमबाजीच्या रेंजवर वापरता ती पिशवी केबिनमध्ये कृपया नेऊच नका. अस्तरात अडकलेलं एखादं काडतूसही स्कॅनरमध्ये दिसतं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.