शेततळ्यात शेवाळ दाटलंय, रोहू-कटला सोडलेत. मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) टाकू का?

एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण तळ्याला एकदम मोरचूद टाकू नका, मासे हातचे जातील. मोरचुदाचं विष तर आहेच, पण जास्त मासे मरतात ते शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात तळं खाली गेलेलं आणि पाणी तापलेलं असतं, त्यात ऑक्सिजन मुळातच कमी. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की समजा, ऑक्सिजन संपत आलाय. आधी बांबूला जाळी बांधून हिरवा थर काठाला ओढून काढा (अस्तराच्या प्लास्टिक कागदाला टोक लागू देऊ नका), शेणखत-खाद्य थांबवा. पाण्याखालची वनस्पती असेल तर गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडा, तो ती खातो. एवढं करूनही भागलं नाही तरच मोरचूद: एक तृतीयांश भागातच, ऊन असताना सकाळी, पुढचा भाग दहा-बारा दिवसांनी. मात्रा पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर, खारटपणावर नव्हे) ठरते, म्हणून आधी पाणी तपासा. क्षारता 150 पीपीएम (लिटरला 150 मिलिग्रॅम) असेल तर हजार लिटरला दीड ग्रॅम; 50 च्या खाली असेल तर मोरचूद नकोच. त्या तळ्यावर मेंढ्या पाण्याला येत असतील तरीही टाळा, तांबं त्यांना सोसत नाही.