अ‍ॅक्शन सिनेमांच्या मालिका पुढे पुढे का बिघडतात? आणि कॉमिक्स न वाचता सुपरहिरो कळतात का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत अ‍ॅक्शन मालिकांची रया का जाते, हा एक. आणि कॉमिक्स वाचलेली नसतील तर मार्वल-डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपन्यांचे सिनेमे अर्धेच कळतात का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे, त्याकडे नंतर येतो. पहिल्यावर मात्र मी तासभर बोलू शकतो, घरचे साक्षीदार आहेत.

माझी कसोटी एकच. नायकाला लागतं का? आणि लागलेलं पुढच्या सीनमध्ये सिनेमाच्या लक्षात राहतं का?

१९८८चा पहिला 'डाय हार्ड' पुन्हा लावून बघा. नायक मॅक्लेन, न्यूयॉर्कचा एक पोलीस, नाताळच्या पार्टीला पोचतो आणि विमानातल्या सहप्रवाशाने सांगितलेल्या युक्तीप्रमाणे बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळत बसतो. तेवढ्यात खाली गोळीबार सुरू होतो. झालं, पुढचा अख्खा सिनेमा हा माणूस अनवाणी. मेलेल्या गुंडाचे बूट बघतो, तर ते नेमके लहान. खलनायक हान्स ग्रुबर समोरासमोर आल्यावर त्याचे उघडे पाय हेरतो आणि नंतर साथीदाराला सांगतो, काचांवर गोळ्या घाल. मग न्हाणीघरात बसून मॅक्लेन तळव्यातून काच उपसतो आणि वॉकीटॉकीवर कधी न भेटलेल्या पोलिसाशी बोलतो. या सीनमध्ये एकही गोळी सुटत नाही, आणि माझ्या मते सगळ्या सिनेमातला सर्वात चांगला अ‍ॅक्शन सीन तोच आहे. कारण यानंतर तो एक पाऊल टाकतो तरी आपल्याला कळ येते.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. सगळं एका इमारतीत घडतं (ती लॉस एंजेलिसमधली फॉक्स कंपनीचीच इमारत होती). कुठल्या मजल्यावर ओलीस आहेत, कुठला मजला अर्धवट बांधलेला आहे, गच्ची कुठे, लिफ्टचा बोगदा कुठे, हे अर्ध्या तासात आपल्याला पाठ होतं. पुढच्या भागांत ही जागा कशी पसरत गेली पाहा. दुसऱ्यात विमानतळ, तिसऱ्यात न्यूयॉर्क शहर, चौथ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा, पाचव्यात थेट मॉस्को. आमटीत पाहुण्यागणिक पाणी वाढत जावं तसं. तिसरा भाग (१९९५) मात्र मला प्रिय आहे. पहिल्याचा दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन परत आला होता, आणि मॅक्लेन अख्खा दिवस रात्रीच्या दारूने ठणकणारं डोकं घेऊन पळतो. शिवाय त्यात तीन आणि पाच गॅलनच्या भांड्यांनी चार गॅलन पाणी मोजायचं कोडं आहे. स्कॉलरशिप परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने तिथे पडद्याकडे बघून उत्तर ओरडलेलं असणार. २००७च्या चौथ्या भागात मात्र हाच माणूस लढाऊ विमानाच्या पाठीवर उभा राहतो. तिथे माझी काळजी संपली. काळजी संपली की उरतो तो नुसता आवाज.

याच्या उलट 'मिशन इम्पॉसिबल'. आठ सिनेमे, १९९६ ते २०२५, आणि मधले दोन-तीन तर पहिल्यापेक्षाही सरस. लोक म्हणतात टॉम क्रूझ स्टंट स्वतः करतो म्हणून. ते आहेच, पण नुसत्या धाडसाने सीन उभा राहत नाही. या मालिकेला एक जुनी खोड आहे: आधी नियम सांगायचे, मग वस्तू बिघडवायची. पहिल्या भागातली सीआयएची खोली आठवा. आवाज वाढला तर घंटा, तापमान वाढलं तर घंटा, जमिनीला भार लागला तर घंटा. हे सगळं शांतपणे समजावून झाल्यावर क्रूझ दोरीवर उलटा लटकतो, आणि चष्म्यावर घामाचा एक थेंब घरंगळतो. पार्श्वसंगीत नाही. २०११च्या 'घोस्ट प्रोटोकॉल'मध्ये बुर्ज खलिफाच्या काचांना चिकटणारे हातमोजे मिळतात, आणि त्यातला एक ऐन वेळी बंद पडतो. तो मोजा नीट चालला असता तर पर्यटन खात्याची जाहिरात झाली असती. (अनिल कपूरही त्याच भागात आहे. तो सीन मी पुढे ढकलतो. चाहता आहे म्हणून सगळंच सोसायचं असं नाही.)

२०१८च्या 'फॉलआउट'च्या वेळी लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना क्रूझचा घोटा खरोखरच मोडला. चित्रीकरण काही आठवडे थांबलं. पण तो शॉट सिनेमात ठेवला आहे: पाय भिंतीवर आपटून वाकतो, तो वर चढतो आणि लंगडत चौकटीबाहेर जातो. मॅक्लेनच्या काचेचा सख्खा भाऊ. शेवटच्या दोन भागांत खलनायक म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि पात्रं खुर्च्यांत बसून तिच्याबद्दल बोलतच राहिली. तरी शेवटी क्रूझ जुन्या दुपंखी विमानाला लटकला, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलोच.

'जॉन विक'बद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. पहिला भाग (२०१४) चॅड स्टाहेल्स्कीने केला, जो 'मेट्रिक्स'मध्ये कियानू रीव्ह्जचा स्टंट डबल होता. म्हणून त्याला कॅमेरा लांब ठेवायची भीती वाटत नाही. मारामारी येणाऱ्या माणसाला लपवाछपवीसाठी सतत कट मारून शॉट तोडावे लागत नाहीत. नाहीतर 'टेकन ३'मध्ये लियाम नीसन एक साधं तारेचं कुंपण ओलांडतो त्यात डझनभर कट आहेत, यूट्यूबवर लोक अजून हसतात. रीव्ह्जने साकारलेला मारेकरी विक गोळ्या झाडतो, गोळ्या संपतात, तो मॅगझिन बदलतो, आणि तेवढ्या दोन सेकंदांत जीव टांगणीला लागतो. मग दुसऱ्या भागात त्याला बुलेटप्रूफ कोट शिवून दिला. इथेच घोळ झाला. चौथ्या भागात तो कोटाची कड चेहऱ्यापुढे धरून गोळ्यांच्या पावसातून चालत जातो. पॅरिसमधल्या त्या उंच पायऱ्यांवरून तो वरून पार खालपर्यंत गडगडतो तेव्हा थिएटर हसतं आणि हळहळतंही, कारण पुन्हा एकदा त्याला लागलंय.

'फास्ट अँड फ्युरियस'च्या चाहत्यांनी रागावू नये. २००१मध्ये या मालिकेतले गाडीवेडे लोक ट्रकमधून डीव्हीडी प्लेअर चोरत होते, २०२१मध्ये गाडी घेऊन अंतराळात गेले. पाचवा भाग मी आजही कोणाशीही भांडून वाचवीन. रिओच्या रस्त्यांवरून तिजोरी फरफटत नेणं म्हणजे निखळ आनंद. पण टोळीतली लेटी मेली आणि परत आली. टोळीतलाच हान मेला आणि परत आला. मरणच कच्चं असेल तर खरचटण्याची काय कथा?

ही सवय आली कुठून, तर कॉमिक्समधून. १९८०मध्ये 'एक्स-मेन'मधली जीन ग्रे मेली, १९८६मध्ये परत आली. १९९२मध्ये सुपरमॅनला मारला, वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, आणि वर्ष उलटायच्या आत-बाहेर साहेब हजर. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी तेवढा कायमचा मेलेला असायचा; २००५मध्ये लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी त्यालाही 'विंटर सोल्जर' म्हणून उठवलं. ते काम इतकं चांगलं होतं की तक्रार करवत नाही. हॉलिवूडने कॉमिक्सकडून ही न संपण्याची खोड उचलली. उचलायला हवं होतं ते दुसरंच.

ते काय, हे बघायला 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३वा अंक काढा, १९६६चा. स्टीव्ह डिट्कोची चित्रं. स्पायडर-मॅन पाण्याखालच्या अड्ड्यात अवजड यंत्राखाली अडकलाय. छतातून पाणी गळतंय. मे काकूला वाचवणारं औषध समोर पडलंय, हात पुरत नाही. बस, एवढंच. पण डिट्को यावर पानंच्या पानं खर्च करतो. तो प्रयत्न करतो, हरतो, खांदे पडतात, बेन काकांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, पुन्हा जोर लावतो. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात, आणि शेवटी एक पूर्ण पान: यंत्र वर, पाठ ताठ, सगळीकडून कोसळणारं पाणी. कुठलाही खलनायक समोर नाही. एक माणूस आणि एक वजन. २०१७च्या 'होमकमिंग'मध्ये हाच प्रसंग ढिगाऱ्याखाली घेतलाय. टॉम हॉलंड लहान मुलासारखा मदतीला हाका मारतो, ते काळजाला भिडतं, नाकारत नाही. पण मिनिटभरात तो सुटतो, कारण सिनेमाला पुढच्या मारामारीची गाडी पकडायची असते. कागदावर किती वेळ थांबायचं हे वाचणाऱ्याच्या हातात असतं, आणि चित्रकार चौकटीच्या आकाराने त्याला धरून ठेवतो.

गंमत म्हणजे हे कसब ज्याला खरं कळलं, तो सिनेमा कुठल्याच कॉमिकवरून घेतलेला नाही. २०१५चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'. जॉर्ज मिलरने पटकथेच्या आधी चित्रं काढून घेतली, सुमारे ३५०० चौकटी. सहलेखक ब्रेंडन मॅकार्थी मूळचा ब्रिटिश कॉमिक्सचा चित्रकार. नामिबियाच्या वाळवंटात गाड्या खरोखर उलटवल्या. कट भराभर आहेत, तरी डोळे शिणत नाहीत, कारण महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये पडद्याच्या मध्यभागी ठेवली आहे. संकलक मार्गारेट सिक्सेलला त्यासाठी ऑस्कर मिळालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कॉमिक्स न वाचता सिनेमे कळतात, कारण बहुतेक वेळा सिनेमावाले मूळ गोष्टीचं फक्त नाव घेतात. मार्वलच्या थॅनोस या खलनायकाचं उदाहरण घ्या. २०१८च्या 'इन्फिनिटी वॉर' सिनेमात तो अर्धं विश्व मारायला लोकसंख्या आणि अन्नपाण्याचा हिशेब मांडतो, आणि बाहेर पडलेले प्रेक्षक 'तसं बघितलं तर त्याचं बरोबरच होतं' म्हणत होते. १९९१च्या मूळ 'इन्फिनिटी गाँटलेट'मध्ये लेखक जिम स्टारलिनचा थॅनोस अर्धं विश्व मारतो ते मृत्यूदेवीवर लाइन मारायला. आणि ती त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मला हाच थॅनोस जास्त भीतीदायक वाटतो. हिशेबवाल्याशी निदान वाद घालता येतो. म्हणजे वाचलंत तर सिनेमा जास्त कळेल असं नाही, एक वेगळी आणि बऱ्याचदा अधिक विचित्र गोष्ट हाती लागेल.

वाचण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे नावं. पडद्यावर 'बॅटमॅन, निर्माता बॉब केन' असं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलं. बॅटमॅन घडवण्यात बरोबरीचा वाटा असलेल्या लेखक बिल फिंगरचं नाव रीतसर यायला २०१५ उजाडलं, तोवर तो जाऊन चार दशकं झाली होती. वर सांगितलेला ब्रुबेकर 'विंटर सोल्जर' सिनेमात क्षणभर दिसतो, आणि त्या छोट्या भूमिकेचे पैसे त्याला ते पात्र घडवण्यापेक्षा जास्त मिळाले असं त्याने स्वतःच सांगितलंय. अब्जावधींच्या धंद्यात हे वाचून माझं डोकं फिरतं.

सुरुवात कुठून करावी? तुमच्या घरात कोणी साठीच्या आसपासचं असेल तर आधी माळा तपासा, 'इंद्रजाल कॉमिक्स' सापडण्याची शक्यता आहे. टाइम्स समूहाने १९६४ ते १९९० ती काढली, मराठीतही, आणि आपल्याकडच्या किती तरी मुलांचा पहिला मुखवटाधारी नायक त्यातला वेताळच. ली फॉकने १९३६मध्ये घडवलेल्या या नायकाकडे शक्ती-बिक्ती काही नाही, आणि मरणाचा प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी सोडवून ठेवलाय: बाप मरतो, मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जगाला वाटतं हा अमर आहे, वाचकाला माहीत असतं की गोळी लागली तर हा जाणार. लेटी आणि हानला परत आणणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नव्हती.

माळ्यावर काही नाही मिळालं तर डिट्कोचे स्पायडर-मॅनचे अंक घ्या, संग्रहांत सहज मिळतात. मग ब्रुबेकरचा 'विंटर सोल्जर'. 'वॉचमेन' हे गाजलेलं कॉमिक लगेच घेऊ नका, सगळे त्यानेच सुरुवात करायला सांगतात, पण ज्या सुपरहिरो-गोष्टींची त्यात उलटतपासणी आहे त्या आधी थोड्या तरी आवडलेल्या हव्यात. आणि एकच सुपरहिरो सिनेमा बघायचा असेल तर स्पायडर-व्हर्सच्या दोन अ‍ॅनिमेशनपटांतला कुठलाही. छपाईचे ठिपके, रंगांची सरकलेली कड, चौकटी, सगळं त्यांनी पडद्यावर आणलंय. २०२३चा दुसरा भाग तर मराठीतही डब होऊन आला होता. त्यात मुंबई आणि मॅनहॅटनची मिसळ करून केलेलं 'मुंबॅटन' आहे, ट्रॅफिकसकट. तिथला पवित्र प्रभाकर २००४च्या भारतीय स्पायडर-मॅन कॉमिकमधून आलाय. चहाला 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला, म्हणजे या सिनेमांच्या नायकाला, तो जे सुनावतो, ते ऐकायला तरी बघाच.