शिफारस बंधनकारक नसेल तर मानवी हक्क आयोग हवा कशाला?

न्यायालयं असताना, ज्याचं म्हणणं सरकारवर बंधनकारकही नाही अशा आयोगावर पैसा का खर्च करायचा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं मत स्पष्ट आहे: आयोग हवाच, पण तो खरोखर स्वतंत्र असेल तर.

न्यायालय बहुतेक वेळा समोर आलेल्या खटल्यापुरतं बघतं. त्यासाठी फिर्यादी लागतो, वकील लागतो, पुरावा टिकलेला असावा लागतो. अन्याय धोरणातूनच झाला असेल, तर एकेकट्या माणसाचा खटला उभाच राहत नाही. ऑस्ट्रेलियात मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवणं कित्येक दशकं चाललं होतं. १९९५ मध्ये तिथल्या मानवी हक्क आयोगाकडे याची चौकशी आली. आयोगाने पाचशेहून अधिक मूलनिवासींचं म्हणणं ऐकून घेतलं. कोणी मूल गमावलेलं, कोणी स्वतःच उचलून नेलेलं. १९९७ चा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात माफीची शिफारस होती आणि तेव्हाच्या सरकारने ती मानली नाही. पण ते सगळं सरकारदरबारी कायमचं नोंदलं गेलं होतं, आणि माफीची मागणी थांबली नाही. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. अकरा वर्षं लागली. फार उशीर झाला, हे मलाही सलतं. तरी ती नोंद नसती तर माफी कशाची मागायची हेच ठरलं नसतं.

आता स्वातंत्र्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९३ मध्ये मान्य केलेली ‘पॅरिस तत्त्वं’, म्हणजे देशोदेशीचे मानवी हक्क आयोग कसे असावेत याचे निकष, याच मुद्द्याभोवती फिरतात: कायद्याने दिलेले व्यापक अधिकार, वेगवेगळ्या समाजघटकांतून आलेले सदस्य, त्यांना ठरावीक मुदत आणि पुरेसा निधी. यातला निधी लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. फिलिपिन्समध्ये २०१७ साली तिथला मानवी हक्क आयोग सरकारच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांवर बोलत होता, तेव्हा प्रतिनिधीगृहाने त्याची वर्षाची तरतूद १,००० पेसोंवर आणण्याच्या बाजूने मतदान केलं. आयोग संविधानाने स्थापलेला, म्हणून बरखास्त करता येईना. मग उपाशी मारायचा! लोक भडकले आणि तरतूद पुन्हा द्यावी लागली.

म्हणून एखादा आयोग जोखायचा असेल तर त्याचे सदस्य कोण निवडतं, त्यांना काढू कोण शकतं आणि पैसा कोणाच्या हातात आहे, ते आधी पाहा. मग वार्षिक अहवाल उघडा. सरकारने किती शिफारशी मानल्या हे बघाच, पण न मानलेल्यांची कारणं लेखी दिली आहेत का, तेही तपासा.