अमेरिकेत पीएचडीला जायचं म्हणतेस तर

तुझा निरोप वाचला. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलीस, चिपळूणला तासिका तत्त्वावर शिकवतेस, नवरा लोट्याला कंपनीत आहे, मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. अमेरिकेत जीवशास्त्राच्या विभागात पीएचडीला गेलं तर विद्यार्थ्याकडून काय काय अपेक्षा असतात, मार्क किती लागतात, नवऱ्या-मुलाला बरोबर न्यावं की मागाहून, असं विचारलंयस. आणि अगदी शेवटी, 'ताई, तिथे एकटं वाटतं का?'

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, ते काही जमलं नाही. सध्या रत्नागिरीत आहे. मासेमारी बंद, पाऊस लागलेला, पोरगी आजीच्या मोबाइलला चिकटलेली. वेळ आहे, तेव्हा लांबण लागणार हे धरून चाल.

मार्कांचं आधी संपवते. टोफेलला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, किती हवेत, जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागतात की नाही (बऱ्याच विज्ञान विभागांनी ती आता काढून टाकली आहे), अर्जाची मुदत कधी, हे विभाग स्वतःच सांगतो. मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते. शिवाय प्रत्येक विभागाचं एक ग्रॅज्युएट हँडबुक असतं. ते प्रवेश मिळाल्यावर नाही, अर्ज करायच्या आधी वाच. कोर्स किती, प्रबंधाच्या समितीवर प्राध्यापक किती, क्वालिफाइंग परीक्षा (पीएचडी पुढे चालू ठेवायला ती पार करावी लागते) कोणत्या वर्षी, चारपैकी सरासरी ३.० च्या खाली घसरली तर काय होतं, सगळं त्यात असतं. मी त्यात नसलेलं सांगते.

जीवशास्त्रात प्रवेशाच्या दोन तऱ्हा आहेत. पेशी, जनुकं, रेणू ह्या बाजूला साधारणपणे विभाग प्रवेश देतो. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही काही आठवडे काम करायचं, त्याला रोटेशन म्हणतात, आणि मग गाइड ठरतो. परिसंस्था, सागरी जीव, वर्तन ह्या बाजूला मात्र एखादा प्राध्यापक 'हिला मी घेतो' म्हणाल्याशिवाय तुझा अर्ज कितीही चांगला असला तरी तिथेच राहतो. तू चिंबोऱ्यांवर काम करायचं म्हणतेस, म्हणजे ही दुसरी तऱ्हा. ऑगस्ट-सप्टेंबरातच प्राध्यापकांना मेल लिहायला घे. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग' असली मेल ते उघडून लगेच बंद करतात. त्यांचा एक पेपर खरोखर वाच, त्यातल्या एखाद्या आकृतीवर तुला पडलेला प्रश्न लिही, आणि दाभोळच्या खाडीत तू स्वतः काय पाहिलंस ते चार ओळींत सांग. खाडी तुझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. हे मला फार उशिरा कळलं.

पैशांचं ऑफर लेटरमध्ये गोड लिहिलेलं असतं: फी माफ, शिकवण्याच्या बदल्यात मानधन. तीन गोष्टी लेखी विचारून घे. मानधन नऊ महिन्यांचं की बारा? फी माफ म्हणजे ट्यूशन माफ. बाकी निरनिराळ्या नावांच्या फिया तुझ्या खिशातून जातात का? आणि नवऱ्या-मुलाच्या आरोग्य विम्याला किती पडतं? तिसरा प्रश्न विचारायला लाजू नकोस. तो आकडा बघून मी खुर्चीत बसले होते. उत्तरासाठी बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात, तेव्हा घाईने हो म्हणू नकोस. हे सगळं विचारायचं ते विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला. प्राध्यापकांना ह्यातलं निम्मं माहीत नसतं.

आता कागद. ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाची, कथा सगळेच सांगतात, मी नावाची सांगते. मार्कशीटवर माझं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि सगळं माहेरचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. जिथे शिकले त्या विद्यापीठाच्या (कुठलं ते सांगत नाही) खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, पासपोर्टवरची बाई इथे कधी शिकलेलीच नाही. लग्नाचा दाखला दाखवला, तर तो मराठीत. भाषांतर करून आणलं, तर त्यावर शिक्का हवा. प्रतिज्ञापत्र केलं, तर राजपत्र दाखवा म्हणाले. ट्रान्स्क्रिप्टचं पाकीट सीलबंद करून त्याच्या फ्लॅपवर सही हवी होती. सही करणारे साहेब रजेवर. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने जायचं, खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं आणि संध्याकाळी तसंच परत. तुझंही लग्नानंतर नाव बदललं असेल, तर हे काम आजच सुरू कर, अर्ज करायचा की नाही ते नंतर ठरव. एवढं करून तिथल्या विभागाच्या यादीत मी माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी छापले गेले. पहिल्या आठवड्यात दोघांनी मला नवऱ्याच्या नावाने हाक मारली.

शिकवण्याचं तुला जड जाणार नाही. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, वह्या तपासायच्या, ठरलेल्या वेळी खोलीत बसून शंका सोडवायच्या. पोरं उठून उभी राहत नाहीत, पण प्रश्न भरपूर विचारतात. त्याआधी परदेशी विद्यार्थ्यांची बोलण्याची परीक्षा असते. बी.एस्सी.च्या वर्गांना वर्षानुवर्षं शिकवून गेलेली मी, मला फळ्यासमोर उभं करून माझं इंग्रजी पोरांना कळेल का ते तपासलं. पास झाले. त्याचं काही वाटलं नाही.

खरी अपेक्षा दुसरीच असते. आपल्याकडे विषय सर देतात, आपण करतो. तिथे पहिल्याच भेटीत गाइडने विचारलं, तुला काय करायचंय? मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते. त्यांनी मान डोलावली आणि पुढचे कित्येक महिने काहीच सांगितलं नाही. दर आठवड्याला भेट, दर आठवड्याला तोच प्रश्न. आपल्याकडे गप्प बसणं हा नम्रपणा. तिथे गप्प बसलं की हिचं छान चाललंय असं धरतात. अडलेय, समजत नाही, हे यंत्र बिघडलंय, ह्या पेपरवर माझं नाव कुठे येणार, हे सगळं तोंडाने विचारायचं. कोणी दुखावलं जात नाही. भेटीला जाताना काय बोलायचं ते कागदावर लिहून ने.

क्वालिफाइंग परीक्षेचंही तसंच. साधारण दुसऱ्या वर्षी येते. आधी लेखी प्रस्ताव, मग चार-पाच प्राध्यापक समोर बसून दोनेक तास प्रश्न विचारतात, आणि तुझं ज्ञान संपतं ती जागा सापडेपर्यंत थांबत नाहीत. ते तुला पाडण्यासाठी नसतं. 'माहीत नाही, पण मी असं करून शोधेन' हे तिथे चांगलं उत्तर आहे. माझं काम कालवांवर. एकाने विचारलं, किनाऱ्यावर एखाद्या प्राण्याचा पट्टा वर कुठपर्यंत आणि खाली कुठपर्यंत, हे कोण ठरवतं? मी कॉनेल ह्या शास्त्रज्ञाचं स्कॉटलंडमधलं १९६१चं काम घडाघडा सांगितलं: वरची सीमा उन्हात सुकण्याने, खालची शेजाऱ्यांशी जागेच्या मारामारीने. ते म्हणाले, हे पुस्तकातलं. तू काय पाहिलंयस? मग मी सांगितलं की ओहोटीला आमच्याकडे बायका खडकावरची कालवं फोडायला जातात, लहानपणी मीही जायचे, आणि रिकाम्या शिंपल्यांत काहींना सुईने पाडावं तसं एक गोल भोक असायचं. ते भोक गोगलगायीच्या जातीच्या एका शत्रूने पाडलेलं असतं. आम्ही पोरी त्यात दोरा ओवून माळ करायचो. त्यानंतर अर्धा तास त्या भोकांवरच बोलणं झालं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथून निघालं.

आणखी एक: पहिल्या वर्षी सगळा वर्ग एनएसएफच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या विज्ञान संस्थेच्या, फेलोशिपचा अर्ज लिहितो. ती फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असते. आपण सरावासाठी लिहायचा. लिही, उपयोग होतो. चिडही येते.

आता शाळा. ह्या विषयावर मला शांतपणे लिहिता येत नाही, वाचून घे. लसीचं कार्ड आरोग्य केंद्रातून दिलेलं, हाताने मराठीत लिहिलेलं. ते आधीच इंग्रजीत करून डॉक्टरची सही घे. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही, तिथल्या शाळा मागतात. क्षयाची चाचणी कातडीवरची केली तर बीसीजी टोचलेल्या आपल्या पोरांचा हात सुजू शकतो. माझ्या मुलीच्या हातावरची सूज नर्सने पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजली आणि छातीचा एक्स-रे काढेपर्यंत शाळा बंद. रक्ताचीही एक चाचणी असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती मागून घे.

मग प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म येतो, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. खरं तेच लिहिलं. त्यावरून तिची इंग्रजीची परीक्षा झाली आणि तिला रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत इंग्रजी शिकवायला न्यायला लागले. नेमक्या विज्ञानाच्या तासाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत बेडकाची अंडी बाटलीत घेऊन जाणारी ही पोरगी, वर्गाने बी रुजवलं तेव्हा शेजारच्या खोलीत चित्रांखाली शब्द लिहीत बसली. वेळ बदला म्हणून मी भेटायला गेले. बाई अतिशय प्रेमळ. म्हणाल्या, घरी थोडं जास्त इंग्रजी बोललात तर तिला सोपं जाईल. त्यावर काय बोलायला हवं होतं ते मला अजून रात्री-अपरात्री सुचतं. आता ती इंग्रजीत स्वप्नं बघते आणि आजीला तीन वाक्यांत उत्तर देते: हो, बरी आहे, जेवले. तुझ्या मुलाचंही असंच होईल असं नाही. तो लहान आहे. लहान असणं चांगलं की वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही.

एकटेपणा? वाटतो. प्रयोगशाळेत काम इतकं असतं की लक्षात राहत नाही. कुकर आणि चांगली छत्री घेऊन जा.

राहिला तुझा तिसरा प्रश्न, नवऱ्या-मुलाला बरोबर नेण्याचा, जो मी टाळत आलेय. विद्यार्थी व्हिसावरच्या (एफ-१) माणसाचा आश्रित म्हणून आलेल्या जोडीदाराला तिथे काम करता येत नाही, हे तू वाचलं असशील. त्याचा अर्थ सांगते. माझ्या नवऱ्याचं इथे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला वर्कशॉप, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आम्ही राहायचो तिथून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीकचा उपसागर जवळ, जिकडे तिकडे बोटी. हा संध्याकाळी जेटीवर जाऊन उभा राहायचा आणि नुसत्या आवाजावरून मला सांगायचा, ह्याचा इंजेक्टर गेलाय, त्याचा पंप हवा ओढतोय. आमच्या प्रयोगशाळेच्या बोटीचं इंजिन एकदा भर पाण्यात बंद पडलं. धक्क्यावर आणल्यावर एक मुलगा दोन तास खटपट करत होता. हा हात पाठीमागे बांधून उभा. पाना हातात घेतला तर ते काम ठरेल का, ह्याची आम्हाला धास्ती. पोळ्या शिकला, मुलीला शाळेतून आणायचा, कपडे धुवायला लाँड्रोमॅटमध्ये बसायचा. तक्रार एकदाही केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझी क्वालिफाइंग पार पडल्यावर तो परत आला. भांडण वगैरे काही नाही. वर्कशॉप उघडलं, गिऱ्हाईक होतंच. मी आणि मुलगी तिकडे राहिलो, प्रबंध झाला, आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करते. गणपती आणि तिथली सेमिस्टर एकाच सुमाराला येतात, त्यामुळे मी येते ती पावसाळ्याच्या तोंडाशी. नेमके मासेमारी बंदीचे दिवस, सगळ्या बोटी इंजिन उघडून बसलेल्या, आणि त्याला जेवायला फुरसत नसते.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणूस मुंबईला गेला. लालबाग-परळच्या खोलीत दहा-बारा जणांत राहिला, शिमग्याला, गणपतीला आला. बायको गावाला, तिच्यावर घर, गुरं, म्हातारी माणसं. माझ्या आजीने सगळा जन्म तसा काढला, आणि तुला एकटं वाटतं का हे तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी गेले तर आळीतली प्रत्येक बाई त्याला विचारते, कसं हो करता तुम्ही? सासूबाई तर उपवास धरतात. मला राग येतो. आणि मग तो संध्याकाळी एकटा भात लावताना दिसतो, तेव्हा राग कुणाचा करायचा ते समजत नाही.

म्हणून बरोबर ने की मागाहून ने, हे मी सांगणार नाही. निदान पहिल्या डिसेंबरापर्यंत एकटी राहा, विम्याचं आणि घराचं गणित बघ, एवढं सांगेन. बाकीचं तुझ्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याशी बोलू दे. मी ह्याला विचारलं, 'पाठवून दे' म्हणाला. माझ्यासमोर जे बोलत नाही ते कदाचित परक्या माणसाशी बोलेल. मिरकरवाड्याला जेटीच्या रस्त्यावर कुणालाही विचारलं तरी वर्कशॉप सांगतील. रविवारी यायला सांग, दुपारी तीननंतर. त्याआधी तो बोटीवर असतो आणि फोन उचलत नाही.